तीनपैकी तीन

त्या दिवशी सकाळी वन्संनी मला सुई ओवून मागितली आणि मी फिदीफिदी हसले. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर सांगायची हिंमत होणार नाही.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. चाळीस वर्षं शिवणकाम केलेली बाई. शेजारपाजारच्या निम्म्या बायकांची मापं त्यांना तोंडपाठ, आणि कोणाची कंबर किती वाढली ते मला रोज जेवताना ऐकावं लागायचं. सुईदोऱ्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. त्या दिवशी मात्र मी पायांत चपला सरकवत होते आणि त्या खिडकीपाशी सुई धरून उभ्या.

"अगं, एवढी ओवून दे बघू. हा मेला दोरा चरबट निघालाय."

"दोरा नाही, वय," मी म्हटलं. "एकदाचं कबूल करून टाका."

"तू जा. रेडिओ नुसता."

रेडिओ हे माझं घरातलं नाव. मी सुई ओवून दिली, पर्स उचलली आणि हसत हसत जिना उतरले. त्या गोळ्यांचा तेविसावा दिवस होता तो.

हे गेल्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून घरात आम्ही दोघीच. त्याआधीही भांडायचो, नंतरही भांडत राहिलो. फक्त मधे पडणारं माणूस गेल्यामुळे भांडणं लांबायला लागली. लोकांना वाटायचं, आता ही वेगळी राहील. मी कुठे जाणार? मला त्यांच्याशिवाय कोण आहे?

गेल्या वर्षी वन्संच्या फुप्फुसात बुरशी शिरली. नेहमीच्या औषधांना ती दाद देईना. शेवटी एका इंजेक्शनाने जागच्या जागी थांबली, पण ते इंजेक्शन किडन्या खायला लागलं. छातीच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सरळ सांगितलं, "आणखी दोन महिने देता येईल. त्यानंतर किडन्या राहायच्या नाहीत. बंद केलं तर फुप्फुस राहायचं नाही." मग जरा थांबून म्हणाले, "तुम्ही त्या नोंदणी कक्षात काम करता ना? तुमच्याकडे या बुरशीचं काही आलंय का, बघा."

आमच्या कक्षाचं काम असं. एका रोगाचं जुनं औषध कुणी डॉक्टर दुसऱ्याच, हट्टी रोगावर वापरून बघतो. बाकी सगळं संपलेलं असतं म्हणून. कधी लागू पडतं, कधी नाही. पण जे घडलं ते त्याच्या डोक्यात राहतं आणि त्याच्याबरोबर निवृत्त होतं. ते तसं वाया जाऊ नये म्हणून आम्ही त्यांच्याकडून फॉर्म भरून घेतो. मी आधी बावीस वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरवर होते, त्यामुळे डॉक्टरांचं अक्षरही लागतं आणि त्यांना फोनवर झापताही येतं. रिकामे रकाने मी फोन करकरून भरून घेते. मग रुग्णाची ओळख पुसते. नाव काढायचं, गाव काढायचं, वय "पंचावन्न ते साठ" असं करायचं, धंदा ढोबळ लिहायचा. नळदुरुस्तीवाला असो की सुतार, आमच्याकडे सगळे "कारागीर". तिसाव्या दिवशी परिणामाच्या चार चौकोनांपैकी एकावर खूण होते: सुधारणा, जैसे थे, बिघाड, मृत्यू. फाईल बंद.

मी शोधलं. सापडलं. सांधेदुखीवर पूर्वी देत असत त्या पिवळ्या गोळ्या, या बुरशीवर दिलेल्या. तीन फॉर्म, तीन डॉक्टर. तिन्ही सुधारणा.

ते फॉर्म माझ्याच हातून गेलेले होते. आले तेव्हा आम्ही कक्षात केवढे हसलो होतो! कारण पहिला रुग्ण घड्याळं दुरुस्त करणारा. दुसराही घड्याळजी. तिसरा आला तेव्हा मी टेबलावर हात आपटला. "अहो साहेब, घड्याळजींचाच रोग आहे हा! जुन्या घड्याळांतली धूळ जात असणार छातीत!" साहेबांना ते इतकं आवडलं की त्यांनी मला शेरा लिहायला लावला, "तिन्ही रुग्ण बारीक यंत्रांचं काम करणारे, धुळीचा संबंध तपासावा." पुढे एका सभेत त्यांनी तो पडद्यावर दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मी नियमाप्रमाणे तिघांनाही "कारागीर" करून टाकलं.

छातीच्या डॉक्टरांपुढे कागद ठेवताना माझी मान ताठ होती. "तीनपैकी तीन," मी म्हटलं. घरी येऊन वन्संनाही तेच, दोनदा, चारदा. "तीनपैकी तीन, वन्सं! एकही वाया नाही!" दोन्ही औषधं एकत्र चालणार नव्हती, म्हणून इंजेक्शन बंद झालं. रोज दुपारी चार वाजता एक पिवळी गोळी सुरू झाली. दुसऱ्या आठवड्यात खोकला कमी झाला. किती महिन्यांनी त्या मला मोठ्या आवाजात ओरडल्या, दूध उतू गेलं म्हणून, आणि मला इतका आनंद झाला की मी गॅसही बंद केला नाही.

तर तो तेविसावा दिवस. सव्वादोनला माझ्या टेबलावरचा फोन वाजला. डोळ्यांचे एक डॉक्टर होते, ओळखीचे नव्हेत. आमच्या फॉर्मवरचा नंबर शोधून त्यांनी फोन केला होता.

"या पिवळ्या गोळ्यांच्या तुमच्याकडे किती नोंदी आहेत? बुरशीवर दिलेल्या?"

"तीन," मी म्हटलं. "तिघेही ठणठणीत."

"डोळ्यांची तक्रार कुणाची?"

"एकाचीही नाही."

"बरं. म्हणजे माझा माणूस एकटाच म्हणायचा. सहा महिन्यांपूर्वी घेतल्या होत्या त्यांनी. नजरेचा मधला भाग गेलाय. वाईट वाटतं हो, घड्याळं दुरुस्त करायचे."

मी हसले. देवाशप्पथ, मी हसले. "चौथा घड्याळजी!"

"चौथा कसा?" डॉक्टर म्हणाले. "आधीचे तिघेही घड्याळजी होते?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

रुग्णांची नावं आम्ही पुसतो, पण पाठवणाऱ्या डॉक्टरांची यादी माझ्या ड्रॉवरमध्ये असते. मी ती काढली. पानं भराभर उलटली. "तुमच्या माणसाला गोळ्या कुणी दिल्या?" मी विचारलं. त्यांनी समोर बसलेल्या माणसाला विचारून सांगितलं. सुरुवात केली त्यांच्या घरच्या डॉक्टरने. पुढे मोठ्या दवाखान्यातल्या छातीच्या एका डॉक्टरने पाहिलं, वन्संचे ते नव्हेत. थुंकी तपासली ती लॅबमधल्या डॉक्टरीणबाईंनी. तीन नावं. माझ्या यादीत तीच तीन, त्याच क्रमाने. मी डॉक्टरांना तसं सांगितलं.

तिघांनी एकेक फॉर्म भरला होता. तिघांनाही आनंद झाला असणार, बिचाऱ्यांना. एकाने वय अठ्ठावन्न लिहिलं, एकीने एकोणसाठ, एकाने साठ. मी सगळ्यांना पंचावन्न ते साठमध्ये कोंबलं. तिन्ही वेळा घड्याळं डोळ्यांसमोर आली, आणि हा एकच माणूस असेल असं माझ्या या रिकाम्या मडक्यात आलं नाही. मी धूळ शोधत बसले.

"ते इथेच आहेत," डॉक्टर म्हणाले. "बोलायचंय का?"

नियमात बसत नव्हतं. मी म्हटलं, द्या.

घड्याळजींचा आवाज शांत होता, जरा थट्टेखोर. डॉक्टरांनी त्यांना बहुतेक सांगितलं असावं. "काय हो बाई, तुम्ही मला तीनदा बरं केलंत म्हणे?"

मी नुसतंच "अं" म्हटलं. मी, रेडिओ!

"छाती बरी झाली, ते खरं आहे," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? ती बरी आहे."

"डोळ्यांचं पहिल्यांदा काय झालं?" मी कसंबसं विचारलं.

"सेकंदकाटा. तासकाटा दिसायचा, मिनिटकाटा दिसायचा, सेकंदकाटा मधेच हरवायचा. वाटलं, भिंग खराब झालं. दुसरं आणलं. मग तिसरं. महिनाभर भिंगंच बदलत बसलो आणि गोळ्या घेत राहिलो."

"कितव्या दिवशी सुरू झालं?"

"तीन आठवडे झाले असतील."

"अहो, मग सांगितलं का नाहीत? तीन तीन डॉक्टर होते!"

"छातीचं विचारायचे, छातीचं सांगायचो. डोळ्यांचं कुणी विचारलं नाही. आणि मला तरी काय ठाऊक, गोळ्यांनी होतंय?" ते थांबले. "तुमच्या घरात कुणी घेतंय का, बाई?"

बारीक वस्तू आधी जाते. सेकंदकाटा. सुईचं नेढं.

'दोरा मेला चरबट निघालाय.' आणि मी म्हणाले होते, वय. फिदीफिदी हसून.

फोन ठेवल्यावर दोन मिनिटं मी काहीही केलं नाही. खरं तेच सांगते. पहिला विचार वन्संचा नव्हता. पहिला विचार हा होता की हे कुणाला कळलं नाही तर? यादी माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे. साहेबांनी टाळ्या घेतल्या आहेत. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं. तीनला दहा कमी. चार वाजता त्या गोळी घेणार.

मी छातीच्या डॉक्टरांना फोन लावला. एका दमात सांगितलं. तीन नाहीत, एकच. त्याचेही डोळे गेले. वन्संना आज सुई ओवता आली नाही.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"तुम्ही तीन म्हणाला होतात," ते म्हणाले.

"हो. मी म्हणाले होते."

"तीन होते म्हणून मी इंजेक्शन थांबवलं. एकावर थांबवलं नसतं." मग आवाज बदलला. "आजची गोळी द्यायची नाही. आत्ताच्या आत्ता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या, त्याच डॉक्टरांकडे. मी त्यांच्याशी बोलतो. छातीचं संध्याकाळी बघू."

घरी फोन लावला. वाजला, वाजून वाजून बंद झाला. वन्सं शिवणयंत्रावर बसल्या की फोन स्वयंपाकघरात पडलेला असतो, आणि यंत्राच्या खडखडाटात त्यांना दारावरची घंटासुद्धा ऐकू येत नाही. त्यावरून आमचं शंभर वेळा वाजलंय. पुन्हा लावला. पुन्हा. साहेबांच्या खोलीत मान घालून एवढंच म्हणाले, "ते तीन घड्याळजी एकच होते. पडद्यावरून काढा." त्यांचा चेहरा बघायला थांबले नाही.

टॅक्सीत बसले. पहिल्या सिग्नलला अडकली, दुसऱ्याला अडकली. मी ड्रायव्हरला ओरडले, तो मला ओरडला. एका गोळीने काय होणार, मी स्वतःला समजावत होते. बावीस गोळ्या पोटात गेल्याच आहेत, तेविसावीने काय फरक पडतो? पण मला माहीतच नव्हतं काय फरक पडतो. कुणालाच माहीत नव्हतं. तेच तर गोळा करायचं माझं काम होतं. मी दर मिनिटाला घरी फोन लावत होते. चारला पाच कमी, आणि गाडी पुलाच्या तोंडाशी उभी. मी उतरले आणि धावत सुटले. पंचावन्नाव्या वर्षी, पर्स पोटाशी धरून.

जिना चढताना यंत्राचा आवाज येत नव्हता.

वन्सं खिडकीपाशी खुर्चीवर होत्या. समोर पाण्याचा पेला, तळहातावर गोळी. मी झडप घालून त्यांचा हात उलटा केला. गोळी यंत्राखाली घरंगळत गेली.

"अगं, वेड लागलं का तुला?"

"डोळे," मी म्हटलं. धाप लागली होती. "डोळ्यांना कधीपासून कमी दिसतंय?"

"मला? काही नाही झालेलं. दोरा चरबट..."

"वन्सं! तुमच्या पाया पडते, खरं सांगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या जरा डावीकडे पाहिलं, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. तिरकं बघितलं की त्यांना चेहरा नीट दिसत होता.

"झाले चार दिवस," त्या म्हणाल्या. "समोर पुसल्यासारखं होतं. कडेने दिसतं."

"चार दिवस! आणि मला बोलला नाहीत? दूध उतू गेलं की गल्लीला ऐकू जाईल एवढं ओरडता, आणि हे..."

"ओरडू नकोस." त्यांनी पेला सरकवून बाजूला ठेवला. दोनदा चाचपून. "तूच म्हणालीस ना, तिघं बरे झाले म्हणून? घरभर नाचत होतीस. तुझा भाऊ गेल्यापासून तुला अशी पाहिली नव्हती मी. नवरा गं, नवरा, माझा भाऊ. बघ, तोंडही धड चालेना. म्हटलं, तिघांना काही झालं नाही, तर हे माझं दुसरंच काहीतरी असणार. वयाचं. उगीच चौथीने मोडता कशाला घालायचा?"

मी खाली बसले. फरशीवरच, यंत्राच्या पायट्याशेजारी. रडू असं आलं की आवाजच होईना.

"तीन नव्हते, वन्सं," मी म्हटलं. "मी चुकले. तिघांनी एकाच माणसाबद्दल लिहिलं होतं. माझ्या हातून तिन्ही कागद गेले आणि मला कळलं नाही. एकच होता. त्याचे डोळे गेले."

वन्संचा हात माझ्या डोक्यावर येता येता कानाला लागला, मग केसांपर्यंत पोचला.

"छाती?" त्यांनी विचारलं.

"त्याची छाती बरी झाली."

"म्हणजे त्या गोळीनं खोकला गेला तो खरा."

"हो."

"मग आता ती बंद."

"बंद. पुन्हा इंजेक्शन. किडन्या..."

त्या घाबरल्या होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं, म्हणून ओळखायला वेळ लागला. घाबरलेल्या वन्सं अगदी ताठ बसतात.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "जिन्यावर मला हात दे. बायका बघतायत का तेवढं बघ आधी."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन तास तपासलं. भिंतीवरची अक्षरं, ठिपके, दिवे. बाहेरच्या बाकावर बसून मी मनातल्या मनात सगळ्यांची क्षमा मागत होते. नंतर त्यांनी मला आत घेतलं. मधला भाग धूसर झालाय, म्हणाले, पण त्या घड्याळजींइतका नाही. गोळ्या लवकर बंद झाल्या.

"परत येईल नजर?" मी विचारलं.

"सांगता येत नाही."

"अंदाज? काहीतरी?"

"मी कशावरून सांगू?" ते म्हणाले, आणि त्यांनाही ते बोलताना बरं वाटत नव्हतं. "मी असा एकच माणूस पाहिलाय."

वन्सं तपासणीच्या उंच खुर्चीवर बसल्या होत्या. पाय जमिनीला पोचत नव्हते. "एकच कसा?" त्या म्हणाल्या. "मी दुसरी."

मग माझ्या जरा डावीकडे बघत म्हणाल्या, "रेडिओ, तुझा तो कागद असेल ना पर्समध्ये? काढ. त्या घड्याळवाल्याला कुणी विचारलं नाही, मला विचार. कितव्या दिवशी काय दिसेनासं झालं, सगळं सांगते. आणि कारागीर लिहिशील तर याद राख. शिंपीण लिही."

मी फॉर्म काढला. धंद्याच्या रकान्यात शिंपीण लिहिलं. वय लिहिलं, जसंच्या तसं, एकसष्ट. मग पुढचा रकाना वाचून दाखवताना माझा आवाज बारीक झाला, तर त्या म्हणाल्या, "मोठ्याने वाच, मला दिसत नाही."